ग्रीक पुराणकथांवर मुलांसाठी साहसकादंबरी लिहिताना: एका आराखड्याच्या निमित्ताने

आपण दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी ग्रीक पुराणकथांवर आधारलेली अद्भुत साहसकादंबरी लिहीत आहात आणि तिचा आराखडा पाठवून काही प्रश्न विचारले आहेत. कादंबरीची नायिका सेरिफॉस बेटावरची बारा वर्षांची मुलगी आहे. ग्रीक वीर पर्सियसने राजा पॉलिडेक्टीसच्या दरबारात, जिच्या नजरेने माणूस दगड होतो त्या मेड्युसाचे मस्तक पिशवीतून बाहेर काढले, तेव्हा राजाबरोबर सारा दरबार दगड झाला आणि त्यातच दरबारात बासरी वाजवण्याची चाकरी करणारे या मुलीचे वडीलही दगड झाले. त्यांना पुन्हा जिवंत करण्यासाठी ती घराबाहेर पडते, एका दूरच्या पर्वतावर उमलणारे जादूचे फूल शोधते, आणि अखेरीस देवांचा राजा झ्यूस स्वतः प्रकट होऊन तिच्या वडिलांना उठवतो. मूळ कथांशी किती इमान राखावे, त्यांतले क्रौर्य मुलांपुढे कसे ठेवावे, देव सर्वशक्तिमान असताना एका मुलीने करायचे ते काय, आणि मराठी मुलांना हे जग परके वाटेल का, असे आपले प्रश्न आहेत.

मुलांच्या कादंबऱ्यांचे संपादन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपली मूळ कल्पना फार चांगली आहे. पर्सियसची कथा हजारो वेळा सांगितली गेली, पण त्या दरबारात उभ्या असलेल्या बाकीच्या माणसांच्या घरी त्या संध्याकाळी काय घडले असेल, हे विचारण्याची गरज फारशी कुणाला वाटलेली नाही. सगळ्या जगाचा नायक असलेला माणूस या एका मुलीच्या दृष्टीने तिच्या बापाचा घात करणारा आहे. ही विषमता कादंबरीभर जपा, कारण तेच आपले खरे भांडवल आहे.

माझी मुख्य सूचना मात्र आराखड्याच्या उत्तरार्धाविषयी आहे. ग्रीक पुराणकथांमधून नावे घेणे सोपे असते. शिंगे, पंख, त्रिशूळ आणि वज्र घेणेही सोपे असते. परंतु त्या कथा टिकून राहिल्या त्या नावांमुळे नव्हे, तर त्यांच्या आत चालणाऱ्या कठोर नियमांमुळे. तिथे प्रत्येक अद्भुत गोष्टीला तिची स्वतःची अट असते आणि ती अट राजालाही मोडता येत नाही, देवालाही नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने ‘थिओगनी’ या देवांच्या उत्पत्तीवरच्या काव्यात सांगितले आहे की जो देव पाताळातल्या स्टिक्स नदीच्या पाण्यावर खोटी शपथ घेईल, तो पूर्ण एक वर्ष श्वासाविना आणि वाचेविना निपचित पडून राहतो, अमृत आणि देवान्न त्याच्या ओठांपर्यंत येत नाही, आणि त्यानंतर आणखी ९ वर्षे त्याला देवांच्या सभेत किंवा मेजवानीत स्थान नसते, दहाव्या वर्षी तो परत येऊ शकतो. पर्सेफनीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ला म्हणून वर्षाचा एक भाग तिला तिथे काढावाच लागतो, आणि तिची आई प्रत्यक्ष धान्याची देवी डिमीटर असूनही तो दाणा परत काढता येत नाही. क्रीट बेटाला दिवसातून तीन फेऱ्या मारणारा तालोस हा ब्राँझचा राक्षस कोणत्याही शस्त्राला दाद देत नाही, पण त्याच्या घोट्यापाशी पातळ कातडीखाली त्याची जीवनवाहिनी आहे, आणि ग्रीक कवी अपोलोनिअसच्या महाकाव्यात तोच घोटा खडकाच्या टोकावर घासून तो कोसळतो. लहान मुले अशा नियमांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोर असतात. नियम एकदा सांगितला की तो शेवटपर्यंत पाळला जातो आहे की नाही, यावर त्यांचे बारीक लक्ष असते, आणि तो सोयीसाठी मोडला गेला तर त्यांचा लेखकावरचा विश्वास उडतो.

या कसोटीवर आपले जादूचे फूल उतरत नाही. ते या जगातले नाही. कथानकाला उपाय हवा होता म्हणून ते आणले आहे. आणि खरे तर उपाय मूळ कथेतच पडलेला आहे. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ‘बिब्लिओथेका’ या कथासंग्रहात असे येते की अथीना देवीने वैद्यराज अस्क्लेपियसला गॉर्गनचे, म्हणजे मेड्युसाचे, रक्त दिले होते. तिच्या डाव्या बाजूच्या शिरांतले रक्त जीव घेणारे होते आणि उजव्या बाजूच्या शिरांतले जीव देणारे. त्या रक्ताने अस्क्लेपियस मेलेली माणसे उठवू लागला, तेव्हा माणसे मरणातून सुटण्याची विद्या शिकतील या भीतीने झ्यूसने त्याला वज्राने मारले. जिच्या नजरेने वडील दगड झाले तिच्याच रक्तात त्यांना उठवण्याची शक्ती असावी, यापेक्षा अधिक सुसंगत उपाय मी तरी सुचवू शकणार नाही. दगड झालेली माणसे त्या रक्ताने परत आली असे कोणतीही प्राचीन कथा सांगत नाही, हे खरे आहे. पण हा विस्तार कथेच्या स्वतःच्या तर्कातून निघतो आणि लेखक म्हणून तो करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

त्यातून आपल्याला किती गोष्टी आपोआप मिळतात ते पाहा. दोन कुप्या आहेत, रक्त दिसायला सारखेच आहे, आणि त्यांतली एक प्राण घेणारी आहे. मुलीच्या हातून कुप्या पडल्या, अदलाबदल झाली किंवा कुणी खोटे सांगितले, तर पुढे काय होईल या धाकावर वाचक दोन-तीन प्रकरणे श्वास रोखून वाचेल. शिवाय मेलेल्याला उठवणे हा देवांच्या दृष्टीने अपराध आहे, त्यामुळे या मुलीचा प्रवास केवळ अवघड नाही तर निषिद्धही ठरतो. कालानुक्रमाची अडचण मात्र आहे. पर्सियस हा महावीर हेराक्लीसचा पणजोबा, तर अस्क्लेपियसचे मुलगे ट्रॉयच्या युद्धात लढलेले; तेव्हा पर्सियसच्या तरुणपणी अस्क्लेपियस वैद्यकी करत असणे शक्य नाही. पण मस्तक पर्सियसने अथीनालाच दिले होते, त्यामुळे ते रक्त कुणाला द्यायचे याचा निर्णय तिने अजून केलेला नाही असे दाखवता येईल. पुढे अस्क्लेपियसला वैद्यक शिकवणारा कायरॉन हा अश्वमानव अमर आहे आणि पेलिऑन पर्वतावरच्या गुहेत राहतो. मुलीने त्याच्याकडे जाणे हे तिच्या वयाला, कथेला आणि भूगोलालाही धरून होईल, कारण परक्यांची मुले वाढवणे आणि शिकवणे हेच त्याचे काम आहे.

आता देवांच्या सर्वशक्तिमानतेविषयी. ग्रीक देव अमर आहेत, बलाढ्य आहेत, पण सर्वशक्तिमान नाहीत, आणि ही गोष्ट आपल्या कादंबरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मरणार हे ठरलेले असते, झ्यूसला त्याला वाचवावेसे वाटते, पण तू हे केलेस तर उद्या प्रत्येक देव आपापल्या मुलाला रणांगणातून उचलून नेईल, असे त्याची पत्नी हेरा त्याला बजावते, आणि देवांचा राजा मुलासाठी रक्ताचे थेंब जमिनीवर पाडण्यापलीकडे काही करू शकत नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’ नाटकात आर्टेमिस देवी सांगते की एका देवाच्या इच्छेला दुसऱ्या देवाने आडवे जायचे नाही, असा देवांमध्ये नियम आहे. आपल्या शेवटच्या प्रकरणात झ्यूस प्रकट होऊन वडिलांना उठवतो, तेव्हा आपण हे सारे एका क्षणात फेकून देता. त्याहून वाईट म्हणजे मुलीने सोसलेले सगळे व्यर्थ ठरते, कारण झ्यूस हे पहिल्याच प्रकरणात करू शकला असता. तो प्रसंग पूर्णपणे काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

देवांनी मदत करावी, पण ती पर्सियसला मिळाली तशी. त्याला देवांचा दूत हर्मीसने विळ्यासारखे शस्त्र दिले, अथीनाने मार्ग दाखवला आणि मस्तक छाटताना हात धरला. परंतु वाट विचारण्यासाठी त्याला आधी तिघींत मिळून एकच डोळा आणि एकच दात असलेल्या वृद्ध ग्राई बहिणींकडे जावे लागले, एकीकडून दुसरीकडे जाणारा डोळा मधल्यामध्ये पकडावा लागला, आणि तो परत देण्याच्या बोलीवर अप्सरांचा पत्ता काढून घ्यावा लागला. पंखांच्या वहाणा, पिशवी आणि अदृश्य करणारी टोपी त्या अप्सरांकडून मिळाली. म्हणजे प्रत्येक मदत पुढच्या कामापर्यंतच पुरते, आणि मधली उडी नायकाला स्वतःच्या अकलेने घ्यावी लागते. आपल्या नायिकेला अद्याप एकही गोष्ट अकलेने मिळवावी लागलेली नाही. तिच्याकडे सुरुवातीपासून एक जादूची तलवार आहे. ती तलवार काढून घ्या. बासरी वाजवणाऱ्याच्या मुलीला कान असतील, श्वासावर ताबा असेल, स्वर लक्षात ठेवण्याची सवय असेल. जिथे पाहणे म्हणजेच मरण आहे अशा गोष्टींच्या जगात कानाने वाट काढणारी मुलगी तलवारीपेक्षा कितीतरी पुढे जाईल.

मूळ कथांशी इमान राखण्याचा प्रश्न आपल्याला वाटतो तितका अवघड नाही, कारण ‘मूळ’ असे एकच नसते. हेसिअडच्या कथनात, म्हणजे साधारण इ.स.पू. ७००च्या सुमारास, मेड्युसा ही फॉर्किस आणि केटो या सागरी देवतांची मुलगी आहे, आणि तीन गॉर्गन बहिणींपैकी तीच एकटी मर्त्य आहे. त्यानंतर सुमारे सात शतकांनी रोमन कवी ओव्हिड सांगतो की ती सुंदर केसांची कन्या होती, समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनाच्या, मंदिरात तिच्यावर अत्याचार केला आणि देवीने शिक्षा मात्र तिलाच करून तिच्या केसांचे साप केले. या दोन मेड्युसा एका कादंबरीत नांदू शकत नाहीत. पहिली निवडलीत तर ती निसर्गाच्या भयाण शक्तीसारखी राहील. दुसरी निवडलीत तर मुलीला कधी ना कधी कळले पाहिजे की तिचे वडील ज्या नजरेने दगड झाले, तिच्यामागेही एक अन्याय होता. आपल्या कथेला दुसरी अधिक शोभेल असे मला वाटते, कारण आपली कादंबरी मुळातच कथेच्या कडेला पडलेल्या माणसांची आहे. स्वतः ग्रीक कवीही कथा बदलत असत, युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये ‘हेलन’ नाटकात, जिच्यासाठी ट्रॉयचे युद्ध झाले ती खरी हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, ती इजिप्तमध्ये होती, असे दाखवले. तेव्हा बदल करा, पण मेड्युसाच्या नजरेचा नियम, पर्सियसचे निघून जाणे आणि पॉलिडेक्टीसचा अंत या तीन गोष्टींना हात लावू नका, कारण आपली इमारत त्यांच्यावरच उभी आहे.

क्रौर्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की मुलांना मृत्यूची अडचण नसते, खोटेपणाची असते. १८५०च्या दशकात अमेरिकेत नॅथॅनिएल हॉथॉर्नने आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली याने मुलांसाठी या कथा नव्याने सांगितल्या. हॉथॉर्नने जगात दुःखे सोडणाऱ्या पँडोराला चक्क लहान मुलगी केले आणि मिडास राजाला एक मुलगी दिली, जी वडिलांच्या स्पर्शाने सोन्याची होते; ओव्हिडच्या कथेत अशी मुलगी नाही. पहिला बदल मला फिका वाटतो, कारण त्यात कथेचा दाह निघून जातो. दुसरा मात्र अस्सल आहे, कारण त्याने नियम तसाच ठेवला आणि त्याची किंमत मुलाला समजेल अशा ठिकाणी आणून ठेवली. हीच वाट आपणही धरावी. अत्याचाराचे वर्णन करू नका, पण त्याला प्रेम असे नावही देऊ नका. पर्सियसची आई डॅनाई हिच्यावर पॉलिडेक्टीस जबरदस्ती करू पाहत होता, म्हणून ती आणि कोळी डिक्टिस वेदीचा आश्रय घेऊन बसले होते, असे अपोलोडोरस सांगतो. सेरिफॉससारख्या लहान बेटावरच्या मुलीने हे दृश्य नक्कीच पाहिले असणार: एक बाई दिवसेंदिवस वेदीपाशी बसून आहे, तिच्याजवळून जाताना मोठी माणसे आवाज खाली करतात, आणि आपले वडील रोज संध्याकाळी त्याच राजाच्या मेजवानीत बासरी वाजवायला जातात. इतके लिहिले तरी बारा वर्षांच्या वाचकाला जे कळायला हवे ते कळते, आणि वडील अगदीच निर्दोष होते का, हा प्रश्नही मुलीच्या मनात रुजतो. तो प्रश्न टाळू नका.

या प्रकारच्या आजच्या लेखनावर अमेरिकी लेखक रिक रायर्डन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लाइटनिंग थीफ’ची मोठी छाया आहे, म्हणून त्याविषयी थोडेसे. शाळेत शिक्षक असलेल्या रायर्डन यांनी ती कथा प्रथम आपल्या मुलाला सांगितली; त्या मुलाला वाचनाची आणि अवधान टिकवण्याची अडचण होती, आणि त्यांनी आपल्या नायकाला त्याच अडचणी देऊन त्यांना कथेतले कारण दिले: त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडला आहे आणि त्याची चंचलता ही लढवय्याची सावधता आहे. त्यांनी देवांचा ऑलिंपस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६००व्या मजल्यावर नेला, तरी मेड्युसाची नजर आणि स्टिक्सची शपथ यांचे नियम तसेच ठेवले, आणि मारलेले राक्षस धूळ होऊन कालांतराने परत येतात असे ठरवून मुलांच्या पुस्तकातल्या हत्येचा प्रश्नही सोडवला. त्यांच्याकडून नियमांविषयीची ही शिस्त शिकावी. अर्धदेवांची शिबिरे आणि देवपित्यांनुसार पाडलेले गट मात्र त्यांच्याच जगात शोभतात. आराखड्यातले ‘वीरांचे विद्यालय’ हे प्रकरण मला त्याचीच छाया वाटले. कायरॉनच्या गुहेत दोन-तीन मुले आणि पुष्कळ कामे असली तरी पुरे.

आपण कथा प्राचीन ग्रीसमध्येच ठेवली आहे, तर मग त्या भूमीचा पुरेपूर उपयोग करा. सेरिफॉस हे एजियन समुद्रातल्या किक्लाडीस द्वीपसमूहाच्या पश्चिम कडेचे उघडेबोडके, खडकाळ बेट आहे. ते इतके दगडी आहे की गॉर्गननेच ते तसे केले असे विनोदी नाटककार म्हणत, अशी नोंद स्ट्रेबो या भूगोलकाराने केली आहे. तिथले बेडूक मुके असतात, अशी समजूत प्राचीन लेखकांनी लिहून ठेवली आहे. ज्या बेटावर बेडूकही ओरडत नाहीत तिथे बासरीवाला दगड झाला, हे आपल्याला कल्पनेने रचावे लागत नाही, ते तिथे आहेच. तिथून पेलिऑनकडे जायचे तर बेटामागून बेट घेत युबीया बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून उत्तरेला जाता येते, आणि खाल्किसपाशी युरिपसच्या अरुंद खाडीत पाण्याचा प्रवाह दिवसातून अनेकदा दिशा बदलतो. तिथे लहान होडीला पाण्याचा कल बदलण्याची वाट पाहत थांबावे लागते; पाठलाग होत असताना असे थांबावे लागणे हा कोणत्याही कल्पित राक्षसापेक्षा मोठा अडथळा आहे. हेसिअड शेतकऱ्यांसाठीच्या आपल्या काव्यात सांगतो की उन्हाळी अयनानंतर पन्नास दिवस समुद्रप्रवासाला योग्य. आपल्या कथानकाला आज मुदत नाही आणि त्यामुळे मधली प्रकरणे रेंगाळतात. ती मुदत हेसिअडने ठरवून ठेवली आहे.

मराठी मुलांना हे जग परके वाटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. एकाच कथेचे अनेक पाठ, शाप, वर आणि उःशाप यांत ती वाढलेली असतात, आणि नातवाच्या हातून मरण येईल या भाकिताने मुलीला ब्राँझच्या कोठडीत कोंडणारा पर्सियसचा आजोबा अक्रिसियस वाचताना त्यांना कंस आठवणारच. आपण निवेदनात ती तुलना करू नका. मुलांना ती स्वतः सापडू द्या, म्हणजे पुढचा फरकही त्यांनाच जाणवेल. कारण इथे दुष्टाचा संहार होत नाही, तर लारिसाच्या खेळांत पर्सियसने फेकलेली थाळी चुकून म्हाताऱ्या आजोबांना लागते. नावांची गर्दी तेवढी आवरा: पहिल्या तीन प्रकरणांत सहापेक्षा अधिक ग्रीक नावे नकोत, आणि एका देवाला एकच नाव शेवटपर्यंत ठेवा.

राहिला शेवट. ग्रीक कथांत मोहिमेची किंमत बहुधा घरी परतल्यावर चुकवावी लागते. थीसियस हा वीर बैलाच्या डोक्याच्या मिनोटॉर राक्षसाला मारून येतो, पण आपण मेल्याची खूण असलेले काळे शीड बदलायला विसरतो आणि ते पाहून त्याचा पिता समुद्रात उडी घेतो. आपल्या शेवटात मात्र वडील उठतात आणि बेट आनंदोत्सव करते. झ्यूस काढून टाकल्यावर कुपी मुलीच्या हातात येते, आणि त्या कुपीत एका माणसापुरतेच रक्त आहे असे ठरवले, तर दरबारात उभे असलेले बाकीचे दगड एकदम बोलू लागतात. तिथे तिच्या मैत्रिणीचा भाऊ आहे, शेजारच्या घरचा आचारी आहे. आणि मूळ कथेनुसार आता बेटाचा राजा डिक्टिस आहे, कारण पर्सियसने जाण्यापूर्वी राज्य त्याच्या स्वाधीन केले. तो भला माणूस आहे, त्याने समुद्रात सोडलेल्या डॅनाई आणि पर्सियस या आई-मुलाला आसरा दिला होता, आणि दगड झालेला पॉलिडेक्टीस त्याचा सख्खा भाऊ आहे. कुपी घेऊन आलेल्या मुलीला दरबाराचे दार उघडून देणारा माणूस तोच असणार. तो तिला अडवेल, भावासाठी थेंबभर मागेल, की काहीच न मागता बाजूला होईल, हे मी सुचवणार नाही. पण ही दोघे समोरासमोर येण्याचा प्रसंग आराखड्यात कुठेच नाही, आणि माझ्या मते शेवटची तीन प्रकरणे त्याच्याभोवती नव्याने बांधायला हवीत. पुढचा खर्डा पाठवताना आधी तीच प्रकरणे लिहून पाठवलीत तर मला अधिक नेमके सांगता येईल.